पटावरचे पाच म्हातारे

मी शाळेचा कारकून. ‘पाच शब्दमुळांना चौथीत दाखल करून घ्या’ असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. पण पटावर मुलं होती पंधरा, आणि वीसपेक्षा कमी असतील तर शाळा बंद, असा वरून कागद आला होता. दुसरी शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे. पहिलीतली चिमुरडी तिथं जाणार नव्हती, घरीच बसणार होती. बाईंची झोप उडाली होती.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हाच न्यारी. शब्द पाठ करायचा नाही, त्याचा खापरपणजोबा शोधायचा. घरी यजमानांनी मीठ मागितलं तरी आधी मिठाचा इतिहास यायचा. ते बिचारे अळणी जेवायला शिकले. लिख् म्हणजे मुळात ओरखडणं, हे दाखवायला बाईंनी वर्गात ओली माती आणली. ‘हजारो वर्षांपूर्वी माणसं अशीच लिहायची,’ म्हणत पोरांकडून काडीनं मातीच्या पाट्या ओरखडून घेतल्या. आठवडाभर माझ्या रजिस्टरांना चिखल लागत होता. मुलं मात्र लेख, लेखणी, लेखक ही सगळी भावंडं धडाधड सांगू लागली.

तर मी मुकाट्यानं लिहिलं. नाव: लिख्. वय: साडेतीन हजार, अंदाजे. पालक: सापडले नाहीत. मग दा, विद्, स्था आणि कृ.

तपासणीस साहेब आले. ‘‘हे पाच जण कुठं आहेत?’’

‘‘सगळ्यांच्या तोंडात,’’ पहिलीतली पिटुकली म्हणाली. तिच्या स्वतःच्या तोंडात पुढचे दात नव्हते.

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. विद्यार्थ्याला शरीर असावं असं त्यात कुठंच नव्हतं. वयाची अट मात्र होती.

‘‘चौथीला बारा वर्षांपर्यंतच. नावं कमी करा.’’

मी पाच लाल रेघा मारल्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज खणखणीत होता. ‘‘ऐकलंत ना पोरांनो? पाचांना शाळेतून काढलंय. त्यांच्या घरातला एकही शब्द इथं आणायचा नाही.’’

साहेब आदेश लिहायला बसले. पिटुकली त्यांच्या कोपराशी जाऊन उभी राहिली. ‘लेखी’ एवढंच झालं होतं.

‘‘हा नाही चालणार. लिख्ला काढलंय ना तुम्ही?’’

साहेबांचं पेन थांबलं. नियम म्हणजे नियम. ‘‘घ्या त्याला परत,’’ ते मला म्हणाले. ‘‘खास बाब म्हणून.’’

‘देण्यात’पाशी दा परत आला. ‘विद्यार्थी’पाशी विद्, ‘संस्था’पाशी स्था. प्रत्येकाला मी नव्यानं दाखल केलं, शिक्का मारला, साहेबांनी सही ठोकली. शेवटी राहिलं ‘करावी’. साहेबांना घाम फुटला होता.

‘‘कृ पण घ्या.’’

आदेश पुरा झाला. ‘लेखी आदेश देण्यात येतो की, विद्यार्थी पुरेसे नसल्यामुळे ही संस्था बंद करावी.’ खाली पटसंख्येचा रकाना होता. साहेबांनी रजिस्टर ओढून नावं मोजली. पुन्हा मोजली. वीस.

नऊ वर्षं मी या बाईला वेडी म्हणत आलो होतो.

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी आदेश फाडला, रकान्यात वीस लिहिले आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. पोरांनी एकच गिल्ला केला. बाई आमच्याकडे पाठ करून फळा पुसत राहिल्या. फळा कोराच होता. रडत होत्या, दुसरं काय.