काळ्या कागदातली नळी

पहिल्याच भेटीत तिने त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि तो ज्या खुर्चीवर बसला होता, ती तो उठताच स्पिरिटने पुसून काढली. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा हा गडी पुढे मित्रांना सांगायचा, की मागणी घालायला गेलो आणि मलाच उकळून काढलं. आणखी थोडा बसलो असतो तर बूच लावून कपाटात ठेवलं असतं.

ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत थुंकीतले जंतू ओळखायची. क्षयाच्या जंतूंची दुर्मिळ, आळशी भावंडं, महिनामहिना तोंड न दाखवणारी. नवरा त्यांना ‘तुझी माहेरची माणसं’ म्हणायचा.

मग त्याला खोकला जडला. उंच सूर मध्येच तुटू लागले. तपासात क्षय निघाला नाही, पण त्याची थुंकी ज्या नळीत जंतू वाढवायला ठेवली होती, तिच्यात पिवळे ठिपके उगवले. नळाच्या पाण्यातला एक निरुपद्रवी जंतू अंधारातही असाच पिवळा असतो आणि नमुन्यात आगंतुकासारखा घुसतो. फुप्फुस पोखरणारा दुसरा मात्र अंधारात पांढरा राहतो, उजेडात पिवळा होतो. म्हणून एक नळी काळ्या कागदात गुंडाळून पुन्हा वाढवायची, हा तिचाच शिरस्ता. परक्यांसाठी तो तिने कधी मोडला नव्हता. घरच्या नमुन्याचे लाड चाललेत असं कोणी म्हणू नये म्हणून नवऱ्यासाठी मोडला.

“नळाचं पाणी निघालं,” ती घरी येऊन म्हणाली.

“म्हणजे मी आतूनही धुतलेला आहे.”

पुन्हा पाहू का, असं तिने चाचरत विचारलंही. त्याने हसण्यावारी नेलं. ते हसणं त्याला पुढे फार महागात पडलं.

काही महिन्यांनी थुंकीत रक्त दिसलं. या वेळी तिने नळी काळ्या कागदात गुंडाळली. कागद सोडला तेव्हा ठिपके दुधासारखे पांढरे होते. खिडकीशी ठेवल्यावर पिवळे झाले. त्या संध्याकाळी ती हात न धुताच ताटावर बसली, तेव्हाच तो काय ते समजला.

“तुमचे लाड करायला हवे होते मी,” ती म्हणाली.

“आणि मी तुला करू द्यायला हवे होते.”

औषधं वर्षाहून जास्त चालली. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागला. ट्रम्पेट हल्ली शेजाऱ्यांचा जावई वाजवतो, तेही बेसूर.