भिकाबाईंनी चालू केलेली मोटार

नव्या यंत्राची कल्पना घेऊन कोणी सल्ल्याला आलं, की ओमप्रकाश राठोड आधी विचारतो, तुमच्या घरी मिसकॉलचा अर्थ काय? समोरचा गोंधळतो. ओमप्रकाशला हा प्रश्न सेनगावजवळच्या आपल्या तांड्यावर, स्वतःच्याच विहिरीवर मिळाला.

हिंगोलीत बारावी आणि नांदेडला इंजिनिअरिंग करून १९९९ मध्ये तो पुण्याच्या कंपनीत लागला. एवढं तांड्याला समजलं. सात वर्षांनी नोकरी सोडून तो विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बनवायला गावी येऊन बसला, ते मात्र कोणालाच समजलं नाही. त्याची बायको शिला पुण्यात शाळेत शिकवत होती. तिने बजावलं होतं, दिवाळीपर्यंत एका दुकानदाराने जरी यंत्र ठेवलं तर ठीक, नाहीतर परत नोकरी.

यंत्र म्हणजे सिमकार्ड घातलेली पेटी. मिसकॉल दिला की मोटार सुरू, दुसरा दिला की बंद. काम झाल्याची खूण म्हणून पेटी उलटा मिसकॉल देई.

दिवाळीच्या तोंडावर हिंगोलीचे पंपविक्रेते उत्तमराव यंत्र बघायला यायचे होते. आपल्या जुन्या सिमला रानात रेंज बरी मिळते म्हणून ओमप्रकाशने आदल्या संध्याकाळी ते पेटीत घातलं आणि स्वतःला नवं घेतलं.

उत्तमराव आले. ओमप्रकाश अजून पेटी समजावून सांगत होता, फोन खिशातच होता, तोच मोटार धडधडत सुरू झाली. त्याने ती बंद केली आणि वायर ढिली असेल म्हणाला.

"हिरीत माणूस उतरलेला असला मंजी?" उत्तमरावांनी विचारलं, आणि ते गाडीकडे वळले.

तेवढ्यात बांधावरून भिकाबाई आल्या, ओमप्रकाशची आई, त्याच्या बोलीत याडी. घुश्श्यात होत्या. "जेवलास का इचारलं तर व्हय म्हणलास. पाव्हण्याला घेऊन कोणाच्या घरी जेवलास? मी सयपाक काहून केला मंग?"

"याडी, आमी कुठं जेवलो?"

त्या फोनवर बोलत नसत. दोन नंबरचं बटण दाबून धरायचं, एक रिंग द्यायची: जेवलास का? उलट मिसकॉल आला तर जेवला. ते बटण ओमप्रकाशनेच लावून दिलं होतं, जुन्या नंबरवर.

त्याने त्यांना पुन्हा बटण दाबायला सांगितलं. मोटार धडधडली आणि भिकाबाईंच्या हातातला फोन एकदा वाजून थांबला.

"बघ," त्या म्हणाल्या, "आताबी व्हयच म्हणून राहिला."

उत्तमराव हसता हसता, मोटारीचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर टेकले. पुरतं हसून झाल्यावर दुकानदारासारखे बोलले, "मालकाच्या नंबराबिगर कोणाचं ऐकायचं न्हाई, एवढं शिकवा त्या पेटीला. मंग आणा दुकानात. ह्या मावशीला जमलं तर माझ्या गिऱ्हाइकाला बराबर जमंल."

मग सगळे जेवायला गेले. ताटावर बसण्याआधी ओमप्रकाशने शिलाला फोन लावला. यंत्र चाललं का, तिने विचारलं.

"चाललं. पण विकलं याडीनं."