वरचं पाणी

थोरलीच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. शंभर माणसांचा स्वयंपाक ती हूं की चूं न करता उरकायची, पण मध्ये कुणी लुडबुड केली की त्याची धडगत नसे. लढाई शहरात शिरली, बाजार बंद पडला, तेव्हा एका मदत संस्थेनं शाळेच्या आवारात उपाशी घरांसाठी जेवण शिजवायला घेतलं. लोकांनी थोरलीचंच नाव सुचवलं. तिलाही बरं वाटलं. नवरा कधीच गेलेला, मुलगा परमुलखात. रिकाम्या घरात बसून गोळीबार ऐकण्यापेक्षा चुलीपुढे घाम गाळलेला बरा.

रोज डाळीचं कढण आणि पाव. कढण पातळच असायचं. डाळ तळाशी बसायची, म्हणून ओगराळं खालपर्यंत घालून ढवळून वाढावं लागे. नाहीतर डब्यात नुसतं पिवळं पाणी. रांगेतल्या पोराटोरांनाही हे कळायचं. डबा पुढे करताना सगळ्यांचे डोळे ओगराळ्यावर.

एके दिवशी रांगेत धाकटी दिसली. तिची जाऊ.

दोघींचा अबोला जुना होता. सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं हगणंमुतणं थोरलीनं काढलं. आणि सासू गेल्यावर चार नातेवाईक जमले असताना धाकटी म्हणाली, "ताईंनी केलं सगळं, पण सासूबाईंना एक गोड शब्द दिला नाही." खोटं असतं तर थोरली विसरलीही असती. खरं होतं, म्हणून ते काट्यासारखं रुतून बसलं.

आता धाकटी दोन मुलींना घेऊन उभी होती. दीर कामाला म्हणून गेला तो पूल तुटल्यावर पलीकडेच अडकला, हे थोरलीच्या कानावर आलं होतं. धाकटीचे गाल बसले होते. तिनं डबा पुढे केला.

थोरलीनं ओगराळं वरच्यावर फिरवलं आणि ओतलं.

शेजारी पाव वाटणारा बेकरीवाला हळूच म्हणाला, "मावशी, तळ ढवळा की. डाळ बसलीय."

"तुम्ही तुमचे पाव बघा," थोरली म्हणाली.

धाकटीनं डब्यात पाहिलं. धाकट्या मुलीनंही टाचा उंचावून पाहिलं. धाकटीनं पटकन झाकण लावलं.

"येते हं, ताई," ती म्हणाली. इतक्या वर्षांतला तिचा पहिला शब्द.

"पुढे चला, रांग थांबलीय," थोरली म्हणाली. अगदी परक्या बाईला म्हणावं तसं. मागच्या म्हाताऱ्याला मात्र तिनं पार तळातून ढवळून वाढलं.

भांडी घासताना तिचं तिलाच कसंसं झालं. उद्या आली की दाट वाढू, हवं तर एक ओगराळं जास्त घालू, अशी तिनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी धाकटी आली नाही. त्यानंतरही नाही. थोरलीची नजर सारखी रांगेच्या शेपटाकडे जायची. बेकरीवाल्यानं ते ओळखलं, पण तो भला माणूस, आपले पाव वाटत राहिला.

शेवटी गोळीबार जरा थंडावला तशी तिनं तळाची दाट डाळ डब्यात भरली आणि भिंतीच्या कडेकडेनं धाकटीचं घर गाठलं. दाराला कुलूप. समोरची शिंपीण खिडकीतून म्हणाली, "गेली ती. माणसं हलवायला बस आली होती, तिच्यात बसली पोरींना घेऊन."

"जेवणाखाण्याचं काय करत होती?"

"माझ्याच पिठातलं मूठभर द्यायचे. मी म्हटलं, शाळेत जा की, तिथे तुझी जाऊच वाढते. तर म्हणाली, ताई बिचाऱ्या दिवसभर राबतात, मी गेले की त्यांना उगाच संकोच होतो."

शिंपिणीच्या हातात डबा देऊन ती परत फिरली.

पुढे लढाई निवली. दीर बायकोमुलींना शोधत दूरच्या गावी पोचला आणि तिथेच त्यांनी बिऱ्हाड केलं. त्यानं थोरलीला फोन लावून बायकोच्या हातात दिला.

"ताई, कशा आहात? गुडघा काय म्हणतो?" धाकटीचा आवाज मोकळा होता, तेढ अशी कुठेच नाही. थोरलीनं मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. "अगं, त्या दिवशी..." एवढं तोंडून निघालंही.

"कुठल्या दिवशी?"

धाकटी खरंच विसरली होती, की विसरल्याचं दाखवत होती? थोरलीला उमगेना. जी जीभ उभ्या जन्मात कुणापुढे अडली नाही, ती टाळूला चिकटली.

"काही नाही. पोरी बऱ्या आहेत ना?"

"मोठी बरी आहे. धाकटी अजून अंगानं भरत नाही. त्या दिवसांत फार वाळली हो ती."

मग हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. अधूनमधून आजही फोन होतात, दोघी तासभर बोलतात. थोरली दर वेळी ठरवते, आज सांगायचंच. मग धाकटी मुलगी मागून ओरडते, "काकू, इकडे कधी येणार?" आणि थोरली म्हणते, "येईन गं, गुडघा बरा झाला की."