आप्पांचं डावं स्टेअरिंग

"परदेशासंगं व्यापाराचा करार झाला ना? मंग टॅक्स कमी. मागवा गाडी!"

आप्पांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर काळी कुळकुळीत एसयूव्ही. स्टेअरिंग डावीकडं.

आप्पा तलवाड्याचे बागायतदार आणि पुढारी. मी बीडमध्ये परदेशी गाड्या मागवून देणाऱ्या एजन्सीत कागदपत्रं बघतो. आप्पा त्याच दुपारी अ‍ॅडव्हान्स पाठवणार होते. गावात पेढेही वाटून झाले होते.

"आप्पा, ही गाडी बंदराबाहेर येणार नाही."

"कावून?"

मी समजावलं. परदेशी गाडीच्या वाटेत दोन भिंती असतात. पहिली ड्यूटी, म्हणजे आयातीवरचा कर. करार झाला की ती कमी होते, पण टप्प्याटप्प्यानं आणि ठरावीक गाड्यांपुरतीच. दुसरी भिंत नियमांची. आपल्याकडं स्टेअरिंग उजवीकडंच लागतं. करारानं ड्यूटी उतरते, स्टेअरिंग सरकत नाही.

"एवढ्यासाठी? मी वर फोन लावतो."

त्यांनी लावला, आणि पाच मिनिटांत मला बॉसचाच फोन आला. "जाधव, गिऱ्हाईक घालवू नका."

"सर, गाडी बंदरात अडकली तर आप्पा रोज तुमच्या केबिनमध्ये येऊन बसतील."

"मग तुमचं तुम्ही बघा."

मी आप्पांच्याच जीपची किल्ली मागितली. त्यांना डावीकडं बसवलं आणि गेवराई रोडला लागलो. गळीत हंगाम चालू होता. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या.

"समजा, स्टेअरिंग तुमच्या हातात आहे. ओव्हरटेक कधी करू, सांगा."

आप्पांनी मान वाकडी केली, खिडकीला टेकले, पुन्हा सरळ झाले. "नुस्ता ऊसच दिसायलाय की!"

"अंदाजानं सांगा."

"घ्या... घ्या आता!"

मी घेतली नाही. मला समोरून येणारी एसटी दिसत होती. ती हॉर्न देत शेजारून गेली, तेव्हा आप्पांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता.

"वापस फिरवा," ते हळूच म्हणाले.

अ‍ॅडव्हान्स गेला नाही. महिन्याभरानं त्यांनी उजव्या स्टेअरिंगची गाडी मागवली, पूर्ण ड्यूटी भरून. टप्प्यांची वाट बघितली तर इलेक्शन निघून जाईल, म्हणाले.

पुढं चकलांब्याचे एक पाहुणे आप्पांचं नाव सांगत ऑफिसात आले. "डाव्या स्टेअरिंगची नगं बरं का साहेब. आप्पांनी फॉरेनात चालवून बघितली म्हने. लई बेकार हाय."

मी गंभीरपणे मान हलवली आणि फॉर्म पुढं केला. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा अनुभव खोडून काढायचा नसतो.