नसलेल्या म्हातारीचा शेवट

देवाने हे जग घाईघाईत उरकलं, त्याचं पुन्हा एकदा शूटिंग व्हायला हवं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा वर्गमित्र निघाला. केशोरीहून मुंबईला जाऊन त्याने वीस वर्षं मालिका लिहिल्या, काही दिग्दर्शितही केल्या आणि गुडघे दुखायला लागल्यावर गावी परतला. दिग्दर्शन मात्र सुटलं नाही. पुतणीच्या लग्नात नवरीने हार घातला, तर हा मांडवात ओरडला, "थांब बाई, पुन्हा घाल. तुझं तोंडच नाही दिसलं!" भटजींसकट सगळे मुकाट्याने पहिल्या जागेवर गेले. बायको भांडायला लागली की हा डोळे मिटून ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "चांगलं हाय, पण लांबलं." मालिकांतल्या खाष्ट सासवांना त्याने गावातल्याच बायांची नावं दिली होती. बायांना त्याचा कोण आनंद! आपल्या नावाची सासू चौथ्याच भागात मारली, म्हणून एकीने त्याच्या आईशी बोलणं टाकलं होतं.

सिनेमा त्याने जन्मात एकच केला. तो गोंदियात आठवडाभर लागला तेव्हा त्याने मला दोन पास पाठवले. मी निघालोही. पण थिएटरच्या आधी कूलरचं दुकान लागलं. दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, आखिरी पीस है," आणि घासाघीस होईस्तोवर खेळ संपला. मी कूलर घेऊन घरी आलो. गावातून दुसरं कोणी गेलंच नव्हतं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "पाह्यलास?"

"पाह्यला म्हणजे काय! शेवटाला रडलो बे."

एवढ्यावर थांबायचं ना! पण त्याने विचारलं, "काऊन रडलास?" आणि मी, लाज सोडलेला माणूस, सांगून मोकळा झालो: स्टेशनवर म्हातारी आई, हातात शिदोरी, गाडी सुटलेली. तो म्हणाला, "अजून सांग." पुढे दर दिवाळीला तो गावी आला की हाच विषय. मीही शेवट वाढवत नेला. म्हातारीला चष्मा दिला, एका वर्षी तिला पायाने अधू केलं. तो मन लावून ऐकायचा. मला वाटायचं, कौतुकाचा भुकेला आहे बिचारा.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या वर्गात, खिडक्यांना सतरंज्या लावून, भर दुपारी तो सिनेमा गावाला दाखवायचं त्याने ठरवलं. मला म्हणाला, "गावात पाह्यलेला तू एकलाच. दोन शब्द तूच बोल." पळायला जागा नव्हती. बोललो. शिदोरी, चष्मा, अधू पाय, सगळं बोललो. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांशी तयार ठेवले.

सिनेमा सुरू झाला. तास झाला, दीड तास झाला. म्हातारी नाही. स्टेशन नाही. मला थंडीत घाम फुटला. शेवटी तलावाच्या पाळीवर विशीतला एक माणूस उभा असतो. त्याचा मित्र एसटीने मुंबईला निघालाय. गाडी दिसेनाशी होते तरी हा हात हलवतच राहतो. बस, संपला. तो माणूस मी होतो. माझा मित्र गाव सोडून गेला त्या सकाळी मी तसाच उभा होतो. गाडीतून त्याने ते पाहिलं होतं, हे मला आत्ता कळलं.

दिवे लागले. पुढच्या रांगेतली एक आजीबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "गुरुजी, थे बुडी कवा येते?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात तो गुडघ्यावर हात टेकत उठला. "थे बुडी होती, माय. गुरुजींनी पाह्यली. मंग मी कापली. माझंच चुकलं."

सगळे गेल्यावर आम्ही दोघं सतरंज्या काढत होतो. मी कसंबसं विचारलं, "तुले कवापासून माहीत होतं?"

"पहिल्या फोनपासून."

"मंग दर वर्षी कायले विचारत राहिला बे?"

"माझ्या शिनेमावर बोलणारा दुसरा होता कोण?" तो सतरंजीची घडी घालत म्हणाला.

माझी मान वर होईना. कूलर आठवला. घरी तो अजून धडधाकट आहे, याचीही लाज वाटली. तो माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आता तर खरंच पाह्यलास ना? मंग सांग, शेवट कसा वाटला?"

इतकी वर्षं त्या शेवटावर मी तोंडभर बोलत आलो होतो. त्या दुपारी मला एक शब्द फुटला नाही.