शिंप्याचे पाच जादा ठोके

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे मापांच्या खोलीत नोकरी केली. कारखान्यातली सगळी मोजायची साधने ठरावीक मुदतीने माझ्याकडे येत. ती बरोबर मोजतात की नाही हे मी तपासायचो आणि त्यांवर तारीख-सहीची चिठ्ठी चिकटवायचो. चिठ्ठी नसलेल्या साधनाने घेतलेले माप कारखान्यात धरत नसत. या कामामुळे लोक मला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणत. नाव चेष्टेचे होते, पण मला आवडत असे.

ऐंशीनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट आहे. आम्ही नुकतेच वाशीला दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो होतो. कंपनीची बस बेलापूरहून निघे, जुई गावाच्या फाट्यावर थांबे, मग वाशीला येई आणि तिथून बावीस मिनिटांत कारखान्यावर पोचे. बसमध्ये जागा कुणी वाटून दिल्या नव्हत्या, तरी त्या ठरलेल्या होत्या. पुढे ऑफिसवाले बसत आणि मागे खात्यातले कामगार. उजवीकडची बाके तिघांची होती. त्यातल्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी ड्रॉइंग ऑफिसातला एक आरेखक बसे आणि कडेला मी. मधल्या जागेवर टूलरूमचा एक फिटर बसे. पुढच्या भागात बसणारा तो एकटाच कामगार होता.

तो तिथे बसू लागला तो वादामुळे. एकदा संध्याकाळी परतताना आरेखक मला सांगत होता की जगात रॉक संगीताचा खरा ड्रमर एकच आहे. मागच्या बाकांकडे जाणारा फिटर थांबला आणि म्हणाला, "तो ड्रमर नाय साहेब. तो पॉवरप्रेस हाय."

आरेखक वळून म्हणाला, "तुला काय कळतं रे त्यातलं?"

"कलतं थोडं. आमी हळदीला ढोल वाजवतो. बेंजोवाला चुकला तर लोक नाचत ऱ्हातात. ढोलवाला चुकला तर उभे ऱ्हातात."

आरेखक सरकला आणि फिटर बसला. पुढे वर्षभर तो वाद चालला. आरेखकाचा मेहुणा जहाजावर होता, त्याच्याकडून त्याला परदेशी कॅसेट मिळत. फिटर शॉर्टवेव्हवर एक परदेशी केंद्र ऐकायचा आणि ट्रान्झिस्टरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचा. आरेखकाच्या ड्रमरचे नाव आमच्यात, खात्यातल्या पत्रा ठोकायच्या यंत्रावरून, पॉवरप्रेसच पडले. फिटरचा ड्रमर बारीक आणि जलद वाजवी, म्हणून आरेखकाने त्याला शिंपी म्हणायला सुरुवात केली. खरी नावे पुढे आम्ही घेतलीच नाहीत.

"तुझा शिंपी काज-बटणं करतो."

"करू दे. तुमचा नुसता पत्रा ठोकतो. पत्रा ठोकाला खात्यात चाळीस जण हायेत."

मला त्या संगीतातले फार कळत नव्हते, आजही कळत नाही. पण वादात मोजता येईल असे एकही विधान नव्हते, याचा मला त्रास होई. शेवटी मीच सुचवले. ड्रमरचे पहिले काम ताल धरणे. तेव्हा दोघांचे एकेक लांब वादन घ्यावे, पहिल्या मिनिटातले ठोके मोजावेत आणि शेवटच्या मिनिटातले मोजावेत. ज्याच्या दोन आकड्यांत फरक कमी, तो मोठा. दोघांनी मान्य केले. एका कोऱ्या जॉबकार्डाच्या मागे मी अट लिहिली आणि तिघांनी खाली सह्या केल्या.

शनिवारी मी मापांच्या खोलीतले स्टॉपवॉच रजिस्टरमध्ये सही करून घरी आणले. त्यावर तपासल्याची चिठ्ठी होती. रविवारी सकाळी दोघे आमच्याकडे आले. फिटरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो चप्पल बाहेर काढून दाराशी थोडा थांबला, मग आत आला. पत्नीने उपमा केला होता. माझा टेपरेकॉर्डर विजेवर लावला आणि आधी आरेखकाची कॅसेट घातली. मधल्या छोट्या ड्रमचा प्रत्येक ठोका मी कागदावर रेघ ओढून मोजला, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पॉवरप्रेसचे पहिल्या मिनिटात ९६ भरले, शेवटच्या मिनिटात ९७.

मग फिटरची कॅसेट. सुरुवातीला त्या केंद्राचे वेळेचे पिपपिप ठोके आणि निवेदन होते. ते मी पुढे ढकलले, कारण ते आमच्या कामाचे नव्हते. शिंप्याचे वादन अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात शेवटी-शेवटी होते. पहिल्या मिनिटात ११८. शेवटच्या मिनिटात १२३. मी तीनदा मोजले. एकदा १२२ आले, दोनदा १२३.

"पाच ठोके!" आरेखक म्हणाला. "शिंप्याला घरी जायची घाई झाली रे."

फिटर कागदाकडे बघत होता. वादन संपले तरी टेप चालूच होता. निवेदकाच्या आवाजावरून एक बारीक आवाज आला, "जेवाला ये रं!"

स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, "हे कुणाचं पोर ओरडतंय?"

आरेखक मोठ्याने हसला. फिटरने पुढे होऊन बटण दाबले आणि टेप बंद केला. त्याचे कान लाल झाले होते. ते हरल्यामुळे, असे मी समजलो. पत्नी बाहेर येऊन म्हणाली, "मला तर दोघांची आदळआपट सारखीच वाटली." त्यावर फक्त आरेखक हसला.

जॉबकार्डावर मी चारही आकडे लिहिले, खाली निकाल लिहिला आणि सही केली. फिटरने कार्ड दोनदा वाचले. "तू मोजलंस ना?" एवढेच त्याने मला विचारले. मी हो म्हणालो. "मंग झालं," म्हणून त्याने कॅसेट खिशात घातली.

सोमवारी बस वाशीला आली तेव्हा मधली जागा रिकामी होती. फिटर शेवटच्या बाकावर बसला होता. जुईच्या फाट्यावर तो चढे तेव्हा बस जवळजवळ रिकामी असे, म्हणजे तो ठरवून मागे गेला होता. आरेखकाने हाक मारली, "ये की रे, रडतोस काय?" तो म्हणाला, "बराय इथं." आठवडाभर आरेखकाने हाका मारल्या. मग हिशेबखात्यातले एक कारकून त्या जागी बसू लागले. त्यांना प्रॉव्हिडंट फंडाशिवाय विषय नव्हता. फिटर मागे कुणाशी फारसे बोलत नसे. मागचे लोक त्याला म्हणत, "काय साहेब, सीट गेली काय?" ते आम्हाला पुढे ऐकू येई.

मला वाईट वाटले, पण निकाल माझ्या मते बरोबर होता. वाईट वाटते म्हणून माप बदलता येत नाही, असे मी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी बदलायला सांगितलंय?"

चार महिन्यांनी जुईच्या गावदेवीची जत्रा आली. फिटरने रीतीप्रमाणे सगळ्या बसला आमंत्रण दिले. गेलो आम्ही सहाजण. आरेखक आला नाही. दुपारी जेवायला त्याच्या घरी बसलो. मधल्या खोलीत एक बल्ब होता, भिंतीला प्लग नव्हता. फळीवर ट्रान्झिस्टर होता आणि शेजारी तो टेपरेकॉर्डर. पाने मांडून झाली, पण फिटर अंगणात कुणाशी तरी बोलत होता. त्याची आई चुलीपासून ओरडली, "जेवाला ये रं!"

आवाज भरदार होता. पण हेल तोच होता, 'ये'वर चढून 'रं'वर तोडलेला. मी शेजारी बसलेल्या त्याच्या भावाला विचारले, "घरात लहान मूल कुणाचं आहे?"

"लहान कोन नाय," तो म्हणाला. "आमी दोघं न आय. दोघांची लग्नं होवाची हायेत अजून."

"आणि हा टेप कशावर चालतो?"

"सेलवर. सेल बसले का उन्हात ठेवतो, मंग आनखी थोडा चालतो."

भाकरी आणि मटण समोर होते. मी जेवलो, पण काय जेवलो ते सांगता येणार नाही. गाणी भरताना सेल बसत गेले की टेप हळू सरकतो. तोच टेप नंतर विजेवर नीट वेगाने वाजवला की शेवट घाईचा होतो आणि आवाज बारीक होतो. बाईचा आवाज पोराचा झाला, तर ११८चे १२३ व्हायला काय हरकत होती?

निघताना मी फिटरकडे ती कॅसेट मागितली. "आता कशाला?" तो म्हणाला. मी म्हटले, "एक माप राहिलंय." त्याने पत्र्याच्या डब्यातून ती काढून दिली.

स्टॉपवॉच पुन्हा सही करून आणले. या वेळी मी कॅसेट सुरुवातीपासून ऐकली. त्या केंद्रावर दर अर्ध्या तासाला वेळेचे सहा ठोके देत, म्हणजे मधली अंतरे पाच आणि वेळ पाच सेकंद. सुरुवातीच्या ठोक्यांना बरोबर पाच सेकंद लागले. आईच्या हाकेनंतर, जिथे फिटरने टेप बंद केला होता त्याच्या थोडे पुढे, कार्यक्रम संपल्याचे सहा ठोके होते. त्यांना चार पूर्णांक सहा लागले. पहिल्या ठोक्यांपासून शेवटच्या ठोक्यांपर्यंत अर्धा तास भरायला हवा होता. तो सव्वीस सेकंदांनी कमी भरला. माझाच टेपरेकॉर्डर चुकत नाही ना, हे पाहायला मी त्याच केंद्राचा अर्धा तास शेजाऱ्यांच्या विजेवरच्या टेपरेकॉर्डरवर भरला आणि माझ्यावर वाजवून मोजला. तो तीस मिनिटेच भरला.

म्हणजे कॅसेटच्या दोन्ही टोकांना खात्रीचे घड्याळ होते. एक मी पुढे ढकलले होते आणि दुसऱ्यापर्यंत पोचलोच नव्हतो. चिठ्ठी असलेले स्टॉपवॉच वापरले म्हणून मी निश्चिंत होतो. टेपला चिठ्ठी नव्हती. कारखान्यात दुसऱ्या कुणी असे माप आणले असते, तर मी ते परत पाठवले असते.

यावरून शिंपी जिंकला असे मात्र ठरत नव्हते. शेवटच्या मिनिटात टेप नेमका किती मंदावला होता ते मला काढता येईना. पाचातले पाचही ठोके सेलचे असतील, किंवा तीन सेलचे आणि दोन शिंप्याचे. मी जॉबकार्ड काढले, निकालावर रेघ मारली आणि खाली लिहिले: माप रद्द, निकाल नाही. शेजारी कारण लिहिले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर मी न बसता कार्ड आरेखकाला दिले. त्याने ते वाचले.

"चार महिन्यांनी? मायक्रॉन, तू पंच आहेस की शिंप्याचा मेहुणा?"

"तुझा आकडा बरोबर आहे. त्याचा रद्द आहे."

"मग मी जिंकलोच की."

"समोर कुणी नसताना कसा जिंकशील?"

हिशेबखात्याचे कारकून म्हणाले, "कसला निकाल? कसली मॅच होती?" मी मागे शेवटच्या बाकापर्यंत गेलो आणि फिटरला कार्ड दिले. बस तुर्भ्याजवळ पोचली होती. त्याने पूर्ण वाचले आणि हलक्या आवाजात विचारले, "आयचा आवाज वलखलास तू?"

"जत्रेत ओळखला."

"त्या दिशी तुमच्या घरात सांगाला लाज वाटली. तो हसला ना." मग तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू तवाच शोधून काढलं असतंस."

"पिपपिप ऐकली असती तरी काढलं असतं. ते माझं काम होतं."

कार्ड त्याने घडी न घालता शर्टाच्या खिशात ठेवले.

त्याला पुढे बोलवायचे तर जागा नव्हती. कारकुनांना उठा म्हणणे मला पटेना, त्यांचा काही दोष नव्हता. मी म्हणालो, "माझ्या जागेवर जाऊन बस."

"न तू?"

"मी उभा राहतो."

"येडा हाय का? बस तिकडं."

त्या दिवशी तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही मी बसलो नाही. कडेची जागा रिकामी ठेवून दांडा धरून उभा राहिलो. मागून कुणी तरी म्हणाले, "मायक्रॉनला गळू झालंय." बस हसली. तिसऱ्या दिवशी वाशीला बस आली तेव्हा फिटर कडेच्या जागेवर बसलेला होता. आरेखक चढला, त्याला ओलांडून खिडकीशी गेला. कारकून मध्ये बसले. मी दांडा धरला.

बस कोपरखैरण्याला आली. मग फिटर कारकुनांच्या पुढून वाकून म्हणाला, "ड्रॉइंगसाहेब, नवीन सेल घातलेत. शिंपी परत लागला का भरतो न आनतो."

"आण. सात ठोके निघतील या वेळी."

"न तुमच्या पॉवरप्रेसचा एक जादा निघला तो कशाचा? तुमचा टेप तर विजेवरचा हाय."

ते वादन त्या केंद्रावर पुन्हा लागले नाही, निदान फिटरला मिळाले नाही, त्यामुळे माझ्या कार्डावर निकाल नाही तो नाहीच. अडीच महिन्यांनी कारकुनांची बदली मुंबईच्या ऑफिसात झाली. तोपर्यंत रोज सकाळी बावीस मिनिटे मी उभा होतो. ते दोघे कारकुनांच्या दोन बाजूंनी बोलत असत, आणि एखादा आकडा हवा असला की फिटर मान वर करून मला विचारत असे.