नानीच्या नावाची पाटी

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा देत नाही. शब्दही साधेच आहेत. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आटपाडीत वेल्डिंगचं दुकान चालवतो. दुकानासमोर कब्रस्तानची भिंत आणि भिंतीला लागून कमिटीची खोली. तिथं दिवसभर चहा चालू असतो. अशा जागी कसले किस्से, असं वाटेल. पण मयतीला आलेला माणूस जुनं काढतोच. एकानं काढलं की दुसऱ्याला आठवतं. मी फार बोलत नाही, म्हणून माझ्याकडं साठत गेले असतील.

•

कमिटीनं ठरवलं, जमेल तेवढ्या कबरींना लोखंडी पाट्या लावायच्या. कमिटीचे अध्यक्ष मकबूलचाचा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. समोरच दुकान म्हणून काम माझ्याकडं आलं.

पहिली ऑर्डर पुण्यात नोकरी करणाऱ्या एका पाहुण्याची. पणजोबांच्या कबरीला पाटी, तीही भारीतली! मी ब्रश रंगात बुडवून विचारलं, "नाव?"

"बडे अब्बा."

"पूर्ण नाव?"

त्यानं वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "आम्ही सगळे बडे अब्बाच म्हणायचो." मग आत्याला लावला. आत्या तर चिडलीच. "बडे अब्बांचं आणि दुसरं नाव काय असतंय? बडे अब्बा!"

आमचे लतीफभाई कबर खणतात. ते खोऱ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होते. म्हणाले, "लिव्ह रं गड्या, बडे अब्बा. आत जो हाय तो वळखंल की!"

पाटी अजून आहे. अक्षर चांगलं आलंय.

•

हा किस्सा मी घरी अम्मीला हसवायला सांगितला. ती हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याला पणजोबाचं ठाऊक न्हाई. मला आईचंच ठाऊक न्हाई."

अम्मीला जन्म देताना तिची आई गेली. मावशीनं, म्हणजे खालानं, तिला इथं आटपाडीत आणून वाढवलं. सगळ्या कागदांवर आई म्हणून खालाचंच नाव आहे. नाना लोणंदला होते. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि येणं-जाणं तुटलं. आता नाना नाहीत, खालाही नाही.

आमच्याकडं फातिहा, म्हणजे गेलेल्यांच्या नावानं दुवा, असली की मौलाना विचारतात, "किसके नाम से?" अम्मी दाराआडून म्हणते, "माझ्या आईच्या." ते पुन्हा विचारतात, "नाम?" अम्मी चुलीकडं वळते. मौलाना भला माणूस. म्हणतात, "अल्लाह को मालूम है."

त्या दिवशी अम्मी म्हणाली, "अल्लाला ठाऊक हाय, बरूबर हाय. मला बी ठाऊक असावं, एवढंच."

एवढंच! तेवढ्यासाठी मी कब्रस्तानांच्या नोंदवह्या बघायला लागलो.

•

पाट्यांच्याच वेळचं. लिंबाखालच्या एका कबरीसाठी माझ्याकडं दोन घरांनी दोन नावं दिली. एक घर तांबोळींचं, एक मुलाणींचं. दोघंही म्हणाले, कबर आमच्या आजोबांची. शब-ए-बरातला, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या रातीला, दोन्ही घरं तिथं सब्जा आणि फुलं टाकत होती. तांबोळी मगरीबनंतर, दिवेलागणीला यायचे, मुलाणी पहाटे. त्यामुळं इतकी वर्षं गाठच पडली नव्हती. मुलाणींना आधीची फुलं दिसायची, पण त्यांना वाटायचं धाकट्या भावानं टाकली. धाकट्याला वाटायचं थोरल्यानं.

दोन्ही घरं कमिटीच्या खोलीत जमली. आवाज चढले. "चाचा, तुमीच सांगा, आत कोण हाय?"

मकबूलचाचा शांतपणे म्हणाले, "मी ड्रायव्हर होतो, कंडक्टर न्हाई! मागं कोण बसलंय ते मी कवा बघितलं न्हाई!"

शेवटी एकाच कबरीला दोन पाट्या लागल्या. आता दोन्ही घरं एकाच वेळी येतात आणि एकाच डब्यातलं खातात.

सगळे गेल्यावर लतीफभाई खोरं धुता धुता म्हणाले, "म्हंजी आजोबा दोन आणि फुलं एकाला. दुसरा कुटंतरी बिनफुलाचा पडला असंल की रं." मला आमची नानी आठवली.

•

नाना लोणंदचे, म्हणून मी लोणंदला गेलो. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. तिथल्या कमिटीच्या खोलीवरून दोनदा पुढं गेलो, मग आत शिरलो. आतल्या गृहस्थांनी आधी पाणी दिलं, मग जुनी वही काढली.

वहीत कबरींच्या खुणा लिहिलेल्या. एका ओळीत होतं, 'बाभळीच्या सावलीत.' मी भीत भीत विचारलं, "सकाळच्या का दुपारच्या?"

ते म्हणाले, "बाभळ तोडूनच जमाना झाला, आणि तुमी सावलीचा टाइम इचारताय!"

बायांचं तर नावच नाही. 'बागवानाची बायको.' 'बागवानाची थोरली.' 'बागवानाची धाकटी.' थोरली म्हणजे थोरली बायको की थोरली लेक, तेही कळत नाही. आमचे नाना अत्तार. मी 'अत्तारची बायको' एवढं तरी सापडेल म्हणून बऱ्याच खेपा घातल्या. तेवढंही सापडलं नाही.

दर खेपेला अम्मी दारात उभी असायची. माझं तोंड बघायची आणि म्हणायची, "जेवून घे."

•

एकदा कमिटीच्या खोलीत मी हे सांगत बसलो होतो. लतीफभाईंची बायको, रशीदाचाची, त्यांचा डबा घेऊन आली. गावात बाई माणूस गेलं की घुसल द्यायला, म्हणजे मयताला आंघोळ घालायला, तिला बोलावतात. तिनं डबा ठेवला आणि मला विचारलं, "लोणंदला कशाला मरायला गेलतास?"

"नाना तिथंच होते की."

"नाना असूं दे. अम्मी तुझी पयलीच ना?"

"व्हय."

"मग पयलं बाळंतपण सासरी करत्यात व्हय रं, येड्या? नानी म्हायेरातच गेली असणार!"

नानी आणि खाला सख्ख्या बहिणी. खालाचं माहेर म्हसवड, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत होतं. आम्ही चहाच्या पेल्यात बघत बसलो.

मकबूलचाचा म्हणाले, "एवढे बापय बसलोय, एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाई."

चाची निघताना म्हणाली, "यील कसं? तुमी कवा बाळंत झालाय!"

•

म्हसवडला अम्मी माझ्याबरोबर आली. तिथं तेवढी जुनी वहीच नव्हती. कमिटीच्या माणसानं मागच्या बोळातलं एक घर दाखवलं. "हलीमाबीला इचारा. जुनं काय असंल ते तिच्यापाशी."

हलीमाबी खाटेवर बसल्या होत्या. फार म्हाताऱ्या, पण नजर साफ. "कोण गं तू?"

"मी जुबेदा. आटपाडीच्या खालानं वाढवलेली."

हलीमाबींनी दोन्ही हातांनी अम्मीचा चेहरा धरला. बराच वेळ सोडला नाही. अम्मी म्हणाली, "मला माझ्या आईचं नाव तेवढं सांगा. दुसरं काय नगं."

हलीमाबींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "म्हातारीची चेष्टा करतीस व्हय गं?"

"न्हाई वं."

"अगं, तुझंच की! ती गेली आणि त्याच दिवशी तुझ्या कानात अजान दिली. तुझ्या आज्ज्यानं तेच नाव ठेवलं. म्हनला, ह्या नावाची हाक बंद व्हायला नको."

"खालानं कवा सांगितलं न्हाई."

"सांगायचं काय त्यात? उठता-बसता हाका मारत हुती की!"

कबर कुठली ते हलीमाबींना सांगता आलं नाही. भिंतीकडच्या अंगाला, एवढंच. एसटीत अम्मी खिडकीपाशी बसली. म्हसवड मागं पडल्यावर म्हणाली, "मी इचारलं, माझ्या आईचं नाव काय, की खाला नुसतं 'जुबेदा' म्हणायची आणि डोळं पुसायची. मला वाटायचं, मला गप करतीया."

उतरताना म्हणाली, "पाटी कर. कुटं लावायची ते मागनं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर दुकान उघडलं. पत्रा कापला, घासला, काळा रंग दिला. तो वाळल्यावर पांढऱ्यानं 'जुबेदा' लिहिलं आणि पाटी दारात उन्हाला टेकवली. आत हात धुऊन बाहेर येतो तर मकबूलचाचा पाटीसमोर उभे. टोपी नीट केली आणि आमच्या घराकडं निघाले. मागोमाग लतीफभाई. हाका मारत मी पळालो, पण माझा आवाज मुळात बारीक.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. अम्मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. तिच्याकडं बघून चाचा दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "दुकानात पाटी बघितली, जुबेदाच्या नावाची."

अम्मीनं पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, "खरं हाय, चाचा. जुबेदा गेली. लय वर्सं झाली. बसा समदी, चहा टाकते."